कुंकवाचा डाग

कोमलच्या तान्ह्या अंबाच्या मानेखाली लाल डाग उमटला, तशी सासू कस्तुराबाईने अख्ख्या तिकोणा पेठेत दवंडी पिटली, की देवीनं हिला आपल्या हातानं कुंकू लावलंय. झालं! दर मंगळवारी आळीतल्या बाया यायच्या, डागावर कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि पोरीच्या पाया पडायच्या.

थोरली जाऊ राजेश्वरी त्यांचा चहा गाळता गाळता जळायची. तिची समीक्षा जन्मली, तेव्हा ह्याच कस्तुराबाईने "पोरगीच व्हय?" म्हणून पाठ फिरवली होती. समीक्षा शाळेत जायला लागली, तरी आजीची मांडी कशी असते ते तिला ठाऊक नव्हतं. आणि ही कालची पोर दिवसभर त्याच मांडीवर!

एक मात्र राजेश्वरीनेच हेरलं. जळणाऱ्याची नजर बारीक असते. बोट टेकलं की अंबा किंचाळायची, डागाला घाम सुटायचा, आत गाठही लागायची. "दृष्ट लागली," म्हणत कस्तुराबाई आणखी कुंकू लावायची.

"कोमल, लोणावळ्याला दाखवू हिला," राजेश्वरी म्हणाली. ओठावर माया होती. पोटात एकच, की देवीचं हे सोंग एकदाचं उतरावं.

डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही, घाबरू नका. फार दुर्मीळ, क्वचितच कुणाला होते. दाबली की दुखते, म्हणून हात लावू नका. तपासायला मात्र येत राहा."

दुर्मीळ! राजेश्वरी मनातल्या मनात चरफडली. मेलं हिचं दुखणंसुद्धा लाखात एक.

घरी येऊन तिने ठणकावून सांगितलं, "आत्याबाई, देवी न्हाई, गाठ हाय ती. तुमी कुंकू लावता तवा पोरीला लय दुखतं."

कस्तुराबाईचं तोंड उतरलं. "म्हंजी... नुसती पोरगीच व्हय?" तिने अंबाला कोमलकडे दिलं आणि लाल बोट पदराला पुसलं.

मांडी रिकामी झाली. राजेश्वरीने लेकीला पुढे ढकललं. "जा, बस आजीपाशी."

समीक्षा गेली नाही. कोमलशेजारी भुईवर मांडी घालून ती म्हणाली, "काकी, बाळ माज्याकडं दे. मी न्हाई तितं हात लावनार."

अंबा तिच्या मांडीवर निवांत पडली. सासूचे ते शब्द राजेश्वरीने दुसऱ्यांदा ऐकले होते, आणि या खेपेला ते तिनेच बोलायला लावले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोमलकडे बघायचा धीर तिला झाला नाही.