वाळूत रुतलेलं बिऱ्हाड

जन्मभर शहरात बस हाकलेल्या माणसाला म्हातारपणी शांतता हवीशी वाटली, तर कोणीही समजून घेईल. पण किती हवी, याला काही सुमार? या ड्रायव्हरसाहेबांनी राहतं घर विकलं, एक जुनी रुग्णवाहिका घेतली, तिच्यात पलंग, शेगडी आणि कपाट बसवलं आणि बायकोला म्हणाले, "चल, समुद्राकाठची गावं बघू. आवडेल तिथे बिऱ्हाड मांडू." बायको हौसेनं निघाली.

आता तिसरं वर्ष चालू होतं. गाव निवांत, किनारा मोकळा, की साहेब खूश. पण चार जणांनी ओळख दाखवून चौकशी केली, की कपाळाला आठी. "वर्दळ वाढली," म्हणायचे आणि किल्ली फिरवायचे. तिला जन्मभर शेजारपाजाराची सवय. आता बोलायला नवरा आणि समुद्र, आणि दोघंही आपलंच चालवणारे.

या गावात मात्र साहेबांनी कमाल केली. देखावा चांगला दिसावा म्हणून गाडी थेट ओल्या वाळूत नेली. शहरातला खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता, भरतीचा मात्र पत्ता नव्हता. संध्याकाळपर्यंत चाकं अर्धी रुतली आणि इंजिनात पाणी शिरलं. साहेब डोकं धरून बसले. तिलाही वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फारसं नाही.

किनाऱ्यालगतच्या गल्लीत जाळी विणणारी एक बाई राहायची. तिनं या दोघांना मागची खोली दिली. खोलीला खिडकी होती, दार रस्त्यावर उघडत होतं आणि जमीन हलत नव्हती. आठवड्याभरात ही जाळीवालीशेजारी बसून फाटकी जाळी सांधू लागली आणि गल्लीची मावशी झाली. मेकॅनिक रोज यायचा, इंजिन उघडायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. त्याची मान हलली की हिचा जीव भांड्यात पडायचा.

"खोली रिकामीच असते," जाळीवाली एकदा म्हणाली. "राहा की कायमच्या."

त्या रात्री तिनं धीर करून विषय काढला. "अहो, इथेच राहू या का? मला आता फिरवत नाही."

"गाडी निघाली नाही तर राहूच. दुसरं करणार काय?"

"आणि निघाली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

साहेबांच्या 'बघू'चा अर्थ तिला चांगलाच ठाऊक होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन दिवसांनी इंजिन खोकलं आणि सुरू झालं. गल्लीला बोलवावं लागलं नाही. रोज होड्या ओढणारी माणसं ती, पाहुण्यांची गाडी म्हणजे काय मोठंसं? जाड दोर आला, पोराबाळांसकट सगळे रांगेत उभे राहिले. साहेब स्टिअरिंगवर बसले. सर्वांत पुढे जाळीवाली आणि तिच्या मागे ही. सगळे ओढत होते, ही नुसती दोर धरून होती.

जाळीवालीनं मागे वळून पाहिलं आणि हसली. "मावशी, जोर लावा. तुमचंच घर आहे ते."

काय सांगणार? तिच्या मनातलं गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. तिच्यासाठी परकी माणसं घामाघूम झाली होती आणि आपणच अंग चोरतोय, याची तिला लाज वाटली. तिनं पाय रोवले आणि ओढलं. वाळूनं गाडी सोडली.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. जाळीवालीनं तिला मिठी मारली. "सुटलात बाई एकदाच्या," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

दुपारी निघताना साहेबांचे डोळे भरून आले होते. "काय माणसं आहेत," ते म्हणाले. "इतका जीव लावतात की जड होतं." आणि त्यांनी गाडी वळवली.

ती मागच्या काचेतून हात हलवत राहिली. रडायचं तरी कोणाच्या नावानं, ते तिला कळेना. गाडी बाहेर काढणाऱ्या हातांत तिचेही दोन होते.