विहिरीतले जावई

जैनथच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या प्रयागबाईच्या विहिरीत नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डांबराच्या तेलाचं पीप पडलं. पीप माझं होतं, हे खरं. बैलबंडीला वाळवी लागू नये म्हणून तेल फासायला आणलं होतं. पण काठावरून ढकललं बैलानं, आणि तो आता साक्ष द्यायला हयात नाही.

पीप गळानं काढलं, वरचा तवंग पोत्यांनी टिपला, तरी डांबरगोळ्यांचा वास काही जाईना. बेडकं शिंकत शिंकत पायऱ्या चढून वर आली. एका बाईनं त्या पाण्यात लुगडं धुतलं, तर तिच्या पेटीतली कपडे कुरतडणारी कसर थेट पैनगंगेपलीकडे पळाली. मी डोळ्यांनी पाहिली, काठावर दम खात बसली होती.

मंडल ऑफिसचे भगवंतराव मुआयन्याला, म्हणजे पाहणीला आले. नाकाचा रुमाल न काढता म्हणाले, "दहा जूनपर्यंत वास गेला तं ठीक. नाही तं मुरूम टाकून बुजवा लागते, बाई."

प्रयागबाई एकटी. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही. तिच्या अंगणात दिवसभर बायांचा कलकलाट असे, तो त्या विहिरीपायी. विहीर बुजली तर तिच्याकडे कोण फिरकणार?

एवढ्यात गोपाळराव मास्तरांची चारुलता हैदराबादेहून सुटीवर आली. तिकडे ती जंतूंवर संशोधन करत होती. रस्त्याच्या कामाची पिपं जिथं वर्षानुवर्षं गळत, तिथली मूठभर माती तिनं आणली, आठवडाभर नुसत्या डांबरावर पोसली आणि बरणी घेऊन प्रयागबाईकडे आली.

"काकू, यातल्या जंतूंच्या सात पिढ्या डांबरावर जगल्यात."

"डांबर खातेत? दात किती मजबूत असतीन वं!"

"दात नाहीत. एन्झाइम असतं."

तिनं सहा पोरींना हात धरून गोल उभं केलं. "डांबराचा कण असा फेर धरून असतो. कुठून तोडावा, कळत नाही. जंतूचं एन्झाइम हवेतला प्राणवायू धरून आणतं आणि मधे घुसवतं." असं म्हणून तिनं मला आणि शेजारच्या नागोरावला दोन पोरींच्या मधे ढकललं. दोन म्हातारे अंगावर आल्यावर कोण हात धरून राहील? फेर सुटला, त्याची रांग झाली.

"रांग झाली की खायला सोपं," चारुलता म्हणाली.

पोरी किंचाळत पळाल्या.

बरणी विहिरीत ओतली, वर जंतूंना खत म्हणून थोडा युरिया टाकला. जंतूंना हवा मिळावी म्हणून रोज पाणी ओढायचं आणि उंचावरून परत आत ओतायचं, असं ठरलं. जाताना चारुलता बोलून गेली, "पाहुणे आलेत समजा, काकू."

पंधरा दिवसांनी तिनं पाणी तपासलं आणि डोक्याला हात लावला. "जंतू शंभरपट वाढलेत, आणि डांबर आहे तेवढंच! हे खाऊन राहिलेत तरी काय?"

मला मात्र बादलीच्या दोरावरून आत उतरणारी मुंग्यांची रांग दिसत होती.

"वहिनी, विहिरीत काय सोडलं?" मी प्रयागबाईला विचारलं.

"धोंड्याचा महिना हाये ना, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "दर तीन वर्सांनी मी लोकायचेच जावई जेवताना पाह्यते. मले ना लेक, ना जावई. ही म्हणली पाहुणे हायेत... मंग सोडले रोज तेहतीस अनारसे."

"काकू! अनारसे मिळाल्यावर डांबर कोण खाईल?"

"जावईच ते," मी म्हणालो.

"थट्टा नका करू, काका. गूळ आयता मिळाला की फेर तोडायचं एन्झाइम ते बनवतच नाहीत. आजपासून अनारसे बंद!"

"धोंड्याच्या महिन्यात उपाशी ठेवू?"

"नऊ दिवस राहिलेत. विहीर ठेवायची की नाही?"

प्रयागबाई उठून घरात गेली. मग अनारशांचा डबा तिनं माझ्या हातात दिला. गावावरचं संकट म्हणून मी तो एकट्यानं संपवला. ती मात्र काठावर कमरेला पदर खोचून उभी राहिली. "ऐका रे बाप्पाहो! ताटात वाढलं हाये ते खा. दुसरं काही भेटनार नाही!"

तीन दिवस जंतू रुसले. चौथ्या दिवशी विहिरीतून मचमच ऐकू यायला लागली. सारा गाव पाळीपाळीनं पाणी ओढून ओतत होता. सातव्या दिवशी विहिरीला असा ढेकर आला, की माझी रिकामी बादली आपोआप वर आली. वास गेला. चारुलतेनं बाटली भरून बसनं हैदराबादला पाठवली. नऊ तारखेला फोन आला, पाणी पिण्याजोगं आहे.

दहाला भगवंतराव मुरमाचे दोन ट्रॅक्टर घेऊन हजर. प्रयागबाई आधी स्वतः तांब्याभर पाणी घटाघट प्यायली, मग तिनं त्यांना दिलं. त्यांनी हुंगलं, रुमाल खिशात घालून पुन्हा हुंगलं, आणि तांब्या रिकामा केला.

"गोड हाये," ते म्हणाले. मग ट्रॅक्टरांकडे पाहून कपाळ खाजवलं. "पन आता हा मुरूम मी कुठं नेऊ, बाई?"

इतक्या दिवसांच्या ओतण्यानं अंगणात घोटाभर चिखल झाला होता. त्यात लुगडी सावरत बाया घागरी घेऊन रांगेला लागल्याच होत्या.

"काऊन नेता?" प्रयागबाई म्हणाली. "इथंच पसरवा. बाया घसरून राह्यल्या ना."