आंघोळीचं पाणी

डिसेंबर संपत आला की माणसांना चांगुलपणाचं भरतं येतं. वर्षभर ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, तेही फोनवरून सगळ्या गावाची माफी मागत सुटतात. 'सरत्या वर्षात माझ्याकडून कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर...' वगैरे. एकाने लिहायचं आणि शंभर जणांनी पुढे ढकलायचं. गोमाजीला हा निरोप एकतीस तारखेच्या पहाटे आला, तोही स्वतःच्या पोराकडून. पोरगा बाजूच्याच खोलीत होता. मधे एक विटांची भिंत होती, तिला दारही होतं.

गोमाजीने चष्मा लावून तो निरोप दोनदा वाचला. अमरने तो खास बापासाठी पाठवला की अंगठ्याच्या एका झटक्यात सगळ्यांना वाटून टाकला, हे विचारायची सोय नव्हती. त्याने फोन कोनाड्यात ठेवला आणि बूट चढवले.

आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. नाकाडोंगरीच्या पलीकडे मँगनीजची खाण आहे, तिथे त्याने जन्म काढला, आणि तोही जमिनीच्या पोटात. त्याचं काम छत ठोकायचं. सुरुंग उडून गेले की माल भरणारे आत येण्याआधी लोखंडी सब्बल घेऊन शिरायचं आणि डोक्यावरचा दगड ठोकून बघायचा. टणटणीत वाजला तर पक्का. भद्द वाजला तर सैल. मग बाजूला उभं राहून तो सब्बलीने पाडायचा. काम एवढंच. पण त्यात एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही.

बाबूलाल एकदाच चुकला. गोमाजीचा जोडीदार, पाठीला पाठ लावून काम केलेला. पूर्वेकडच्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या आडव्या बोगद्यात, छत त्याच्यावर आलं आणि त्याला बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला. माणूस नोकरीवर असताना गेला तर त्याच्या वारसाला नोकरी, असा कंपनीचा नियम. बाबूलालचा पोरगा अंकुश, जो तोवर चौकात पानठेल्यावर उभा राहण्यापलीकडे काही करत नव्हता, तो कायम कामगार झाला. वर्षभरात घरावर स्लॅब चढला, दारात गाडी आली, लग्नाचा मांडव पडला. लोक कौतुकाने म्हणू लागले, "बाबूलाल गेला, पण घर उभं करून गेला."

लोकांच्या जिभेला हाड नसतं. ज्या घरात बाप जिवंत आहे आणि पोरगा बेकार आहे, त्या घरात हे वाक्य कसं ऐकलं जात असेल, याचा विचार कुणी करत नाही.

अमर आणि अंकुश एका वर्गातले. अमर तर शिकलेला, आयटीआय केलेला. पण आज याची पिकअप चालव, उद्या त्याच्या दुकानात बस, असं करता करता तिशी उलटली. दिवाळीनंतर कोंढ्याहून एक माणूस आपल्या पोरीसाठी, कामिनीसाठी, स्थळ पाहायला आला. पोहे खाल्ले, चहा प्याला, घर पाहिलं आणि शेवटी विचारलं, "पोरगा परमनंट हाय का?" मग 'कळवतो' म्हणून गेला तो गेलाच. त्या संध्याकाळी अमर ओट्यावर बसून होता. कुणाकडेही न पाहता तो म्हणाला, "बाबूलालकाकानं पोरासाठी जीव देल्ला. आपल्या घरी सारे रिटायरमेंटची वाट पाहून राहिले."

गोमाजीला पोराचा राग आला नाही. पोरगा जळत होता, जळणारा माणूस काहीही बोलतो. त्याने बायकोकडे पाहिलं. शकुंतलाबाईची जीभ गावात प्रसिद्ध. ती कुणाला सोडत नसे, पोराला तर नाहीच. ती सुपात तांदूळ निवडत होती. ऐकलं नसेल म्हणावं तर अंतर चार हातांचं. ती निवडत राहिली. एक खडा काढला, अंगणात टाकला, परत मान खाली घातली.

त्या दिवसापासून घरातले सगळे गोमाजीशी फार गोड वागू लागले. पाहुण्याशी वागतात तसे. अमर सकाळी उठून विचारायचा, "बाबा, आज कोन्या साइडले हाय काम?" आयुष्यात कधी न विचारलेला प्रश्न. गोमाजी सांगायचा, आणि सांगताना त्याला पोराचे डोळे नको व्हायचे.

निवृत्तीच्या महिन्यात म्हाताऱ्यांना वरच बसवतात. बत्त्या मोजा, फाटकाशी शेकत बसा. गोमाजीही बसला. पण तीस तारखेला त्याने पाळीवरच्या मेटला गाठलं. मेट म्हणजे त्या पाळीचा मुकादम, जुना ओळखीचा.

"उद्या खाली जातो गा. एक डाव पाहून येतो सारं."

"आखरी दिवशी कायले, काका? बसा ना उन्हात."

"उन्हात तर आता मरेपावतर बसाचंच हाय."

मेट हसला आणि हो म्हणाला. रात्री जेवताना गोमाजीने घरात सांगितलं, "उद्या खाली जाऊन राहिलो. जुन्या गॅलरीत. बाबूलाल गेला, तिथंच."

अमरचा घास तोंडाशी थांबला. "तिकडचं छत खराब हाय म्हनत होते ना तुमी?"

"हाय."

"मंग?"

"मंग काय. आखरी दिवस हाय."

आणि तो थांबला. 'नोका जाऊ.' एवढे दोन शब्द त्याला हवे होते. त्यासाठीच तर त्याने हा विषय काढला होता, लहान पोरानं रुसून 'मी जेवत नाही' म्हणावं तसा. ताटलीत वरण गार होत गेलं. शकुंतलाबाईने भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि म्हणाली, "आनखी घ्या. सकाळी लवकर जा लागन."

सकाळी मात्र ती रोजच्यासारखीच दारात उभी राहिली. डबा हातात दिला, मफलर कानावरून नीट केला. धुकं एवढं होतं की समोरचा निंब दिसत नव्हता. "येजा," ती म्हणाली. म्हणजे जा आणि परत ये; इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती. गोमाजीने तो शब्द डब्यासारखाच जपून सोबत घेतला.

लोखंडी पिंजरा खाली उतरला. जोडीला अंकुश होता. गॅलरीच्या तोंडाशी गोमाजीने त्याला लाकडी टेकूमागे थांबवलं. "तू इथंच राह्य. मी पाहतो पहिले."

तो पुढे गेला. टोपीवरच्या बत्तीचा उजेड छतावर धरला आणि सब्बल उचलून ठोकलं. भद्द.

असा आवाज आला की पाय आपोआप मागे सरतात. आज ते सरले नाहीत. गोमाजी तिथेच उभा राहिला, दगडाच्या बरोब्बर खाली, आणि त्याचं त्यालाच समजलं की आपण एक डाव पाहायला वगैरे आलेलोच नाही.

लोक वर्षाचा हिशेब मांडतात, त्याला अख्ख्या जन्माचा मांडायचा होता आणि वेळ फार नव्हता. काय केलं आपण? हिवाळ्यातली सकाळ सुट्टीशिवाय पाहिली नाही. छातीत कायमचा खोकला भरून घेतला. दोन खोल्या बांधल्या. एक पोरगा वाढवला, ज्याला बाप दिसतो तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली नोकरीतली रिकामी जागा दिसते. उद्यापासून आपण त्या घरातलं एक खाणारं तोंड. आणि आज इथेच थांबलो तर? 'गोमाजी गेला, पण घर उभं करून गेला.' वाईट नव्हतं ऐकायला. अमरच्या दारात गाडी येईल. कोंढ्याचा तो माणूस परत येईल, पोहे खाईल. त्याला रडू आलं नाही, फक्त भयंकर थकवा आला.

"काका!" मागून अंकुश ओरडला. "भद्द वाजलं ना. बाजूले व्हा!"

वरून चिमूटभर माती त्याच्या खांद्यावर पडली. अशा वेळी देव आठवावा म्हणतात. गोमाजीला आंघोळीचं पाणी आठवलं.

मँगनीजची काळी धूळ साध्या पाण्याने जात नाही, त्याला कढत पाणी लागतं. घरामागच्या चुलीवर पाणी तापवायचं जर्मनचं मोठं भांडं, गंज, असे आणि पाळी सुटून तो अडीचला घरी पोचला की त्यातून वाफ निघत असे. रोज. शकुंतलाबाई तापाने फणफणली होती तेव्हाही. तिची माय तुमसरला वारली, तेरावं करून ती परतली, त्या दिवशीही तिने आधी चूल पेटवली आणि मग पदरात तोंड घालून रडली. घरात गॅस आला, पण त्या पाण्याची चूल राहिली. न येणाऱ्या माणसासाठी कुणी पाणी तापवत नाही. म्हणजे इतकी वर्षं, रोज दुपारी, वर एक बाई धरून चालली होती की हा माणूस परत येणार. एवढं तर आपलं आहे. आताही तिने सरपण लावलं असेल, फुंकणीने फुंकत असेल, डोळे चोळत असेल. 'येजा' म्हणाली होती.

गोमाजी दोन पावलं सरकला. पाय बाजूच्या पक्क्या दगडाखाली रोवले, सब्बलीचं टोक फटीत घातलं आणि जोर दिला. तो ज्या जागी उभा होता तिथे बैलाएवढा दगड आला. सगळी गॅलरी धुळीने भरून गेली.

धूळ बसली तेव्हा अंकुश टेकूला धरून उभा होता. मग म्हणाला, "काका, माया बापानंबी हा आवाज आयकला असन का?"

बाबूलालचा कान गोमाजीपेक्षा तेज होता, हे अख्ख्या खाणीला माहीत होतं. त्या वर्षी बेकार अंकुशचं नोकरीला लागायचं वय निघून चाललं होतं, हेही.

"नाई रे बापा," गोमाजी म्हणाला. "मशीन चालू होती. त्याले आयकू नसन आलं."

अंकुशने मान हलवली. त्याचा विश्वास बसला की नाही कळलं नाही.

वर आल्यावर साहेबाने शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता वेळ पाहून करायचं तरी काय, हे त्याला घड्याळ देणाऱ्यांपैकी कुणालाच सुचलं नसावं. गळ्यात झेंडूचा हार पडला, फोटो निघाले. दोघं बोलले, दोघांनीही त्याचं नाव घेताना चूक केली नाही, तेवढंच समाधान. जेवून जा म्हणून आग्रह झाला, पण तो थांबला नाही. "घरी पानी तापलं असन," तो म्हणाला, आणि सगळे हसले. तो झपाझप चालला. कित्येक दिवसांत त्याला असं घरी जावंसं वाटलं नव्हतं.

अमर ओट्यावर बसला होता. बापाला फाटकातून आत येताना पाहून तो उभा राहिला, आणि मग काय करावं ते न सुचून परत बसला. पुन्हा उठला, पाया पडला. "आले का बाबा," तो म्हणाला. त्याच्या तळहाताला घाम होता, एवढ्या थंडीत. शकुंतलाबाई धावत बाहेर आली, आणि गोमाजीच्या दंडाला हात लावून पाहिला, खरा आहे का बघावं तसा. तिचे डोळे सुजलेले होते. तिने त्याच्या गळ्यातला हार काढला, शाल घडी करून खाटेवर ठेवली. पोराचं काय व्हायचं ते होईल, गोमाजीला वाटलं, बाई तर आपली आहे.

"आंघोळ करतो पहिले," म्हणत तो मागच्या अंगणात, सांदवाडीत गेला.

चूल थंड होती. त्यात कालची राख होती, सकाळच्या दवाने ती तशीच दबून बसलेली. सरपणाची मोळी भिंतीशी होती तशी होती. जर्मनचा गंज घासून, पुसून, भिंतीशी उपडा घातलेला होता.

मागून शकुंतलाबाई आली. तिने चुलीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. तिने ठरवून केलं नव्हतं. सकाळपासून ती कशात होती, कुठे होती, तिचं तिला माहीत नव्हतं. पाणी ठेवायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ठरवून केलं असतं तर गोमाजीला बरं वाटलं असतं.

"कारेक्रम होता ना," ती म्हणाली. "मले वाटलं, उशीर होईन..."

"होते असं कदी कदी."

"थांबा, आत्ता पेटवतो," म्हणत ती खाली बसली. काडी ओढली, ती विझली. दुसरी मोडली. तिसरी तिच्या हातातून राखेत पडली.

"राहू दे वं," गोमाजी म्हणाला. त्याने टाक्यात गडवा बुडवला आणि डोक्यावर ओतला. पौषातलं पाणी; श्वास अडकला, दात वाजले. तरी तो ओतत राहिला. काळं थंड पाण्याने निघत नाही, नुसतं अंगभर पसरतं.

"उद्यापासून ठेवूच नोको पानी," तो पलीकडून म्हणाला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून. "उद्यापासून मी काई काळा होऊन येनार नाई."

शकुंतलाबाई चुलीपुढे तशीच बसून राहिली. काळं पाणी न्हाणीच्या दगडावरून तिच्या पायापाशी आलं, तिने पाय मागे घेतला नाही, आणि ते तिथून वळून नालीकडे गेलं.