हाताची इंग्रजी

भुजबलीला इंग्रजी येत नव्हती असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. क्रियापदं त्याला तोंडपाठ होती. पुट, टेक, गिव्ह, ब्रिंग, कुठलंही विचारा. घोडं अडायचं ते त्यांच्या मागं लागणाऱ्या चिल्लर शब्दांपाशी. टेक म्हणजे घेणं, इथवर ठीक. पण टेक ऑफ म्हणजे अंगावरचं काढणं, टेक डाऊन म्हणजे खाली उतरवणं, आणि टेक इन म्हणजे आत घेणं, शिवाय फसवणंसुद्धा! ही भाषा म्हणायची की चेष्टा? बेळगावात शिकताना मास्तरांनी त्याच्यापुढं हात टेकले होते. एकच नियम तेवढा छडीनं डोक्यात बसला होता. वस्तूचं नाव घ्यायचं असेल तर ते मधे बसव नाहीतर शेवटी बसव, पण नावाऐवजी नुसतं 'इट' म्हणायचं असेल तर त्याची जागा मधेच. पुट इट डाऊन. पुट डाऊन इट म्हटलं की बसलीच छडी.

मॅट्रिकला आपटी खाऊन तो कोगनोळीला परत आला आणि गावानं त्याला 'इंग्रजीवाला' करून टाकलं. गावाला काय हो, साहेबासारखं खाकरलं तरी पुरतं! ही कीर्ती निपाणीला तंबाखूचे व्यापारी आण्णाप्पा यांच्या कानावर गेली, आणि तिथंच बिचारा अडकला. कारण आण्णाप्पांची एकुलती एक लेक कांता त्याच्या मनात भरली होती. जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शनाला जाता-येता दोघांची नजरानजर झालेली, आणि कांतानंही आईच्या, पद्मावतीबाईंच्या, कानावर ते घातलं होतं.

आण्णाप्पांनी त्याला बोलावून सरळ सांगितलं, "कंपनीचा गोरा साहेब माल बघाय येणार हाय. गेल्या साली बेळगावचा दुभाषी आणला हुता. तासभर सायबासंगट बोलला आन् मला सांगितलं, साहेब व्हय म्हणतोय. बाकीचं काय बोललास रं, म्हणून विचारलं तर नुसता हसला. परक्याचा भरवसा न्हाय मला. बोलणार तर माझा जावईच. तू बोलून दाखव, कांता तुझी. न्हाय जमलं तर जय जिनेंद्र, कोगनोळीची वाट धर."

साहेब यायच्या आदल्या दिवशी भुजबली आण्णाप्पांच्याच घरी उतरला. संध्याकाळी परसात तांब्या घेऊन त्याचा सराव चालला होता. "पिक इट अप!" तांब्या वर. "पुट इट डाऊन!" तांब्या खाली.

"तांब्याला पाठ झालं असंल आता," खिडकीतून कांताचा आवाज आला. "उद्या त्यालाच सायबापुढं उभं करूया का?"

"चेष्टा नको, कांता. उद्या तोंडातनं शब्दच फुटला न्हाय तर?"

कांताचं हसू मावळलं. "फुटंल. पर थापा तेवढ्या मारू नका. आप्पांना थाप लगीच कळती."

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पांच्या वखारीत साहेब आला, टोपी काढली आणि थप्पीवरच्या सगळ्यात वरच्या पोत्याकडं बोट करून भराभरा काहीतरी बोलला. भुजबलीची बोबडी वळली.

"सर, टेक इट..."

इट मधे झकास बसलं. पण पुढं? अप, ऑफ, डाऊन, आऊट, सगळी मंडळी डोक्यात गर्दी करून उभी, आणि एकही पुढं येईना. साहेब असं म्हणतोय, म्हणून आण्णाप्पांना काहीतरी ठोकून दिलं असतं तरी वखारीत कुणाला कळणार होतं? त्याला कांताचे शब्द आठवले. शब्द नव्हता, तिथं त्यानं हात ठेवला. हात वर नेला आणि सावकाश खाली आणला.

"डाऊन! येस, डाऊन!" साहेब हसला. हमालांनी पोतं उतरवलं.

"कट इट..." म्हणून भुजबलीनं दोन्ही हात फाकले. पोतं उघडलं. "ब्रिंग इट..." म्हणून ओंजळ नाकाशी नेली. साहेबाच्या हातात पान आलं. साहेबालाही मग गंमत वाटायला लागली, तोही अर्धं तोंडानं आणि अर्धं हातानं बोलू लागला. एका दमट पोत्याला बोट लावून त्यानं हात दाराकडं झटकला. ही सगळी थप्पी बाहेर!

"नो, नो!" भुजबलीच्या आधी आण्णाप्पाच पुढं धावले. त्यांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, आतलं कोरडं खडखडीत पान काढलं आणि साहेबाच्या नाकासमोर धरलं. साहेबानं वास घेतला, मान हलवली. झालं! त्यापुढं दोघांची अशी काय गट्टी जमली, की इंग्रजीवाला एका बाजूला खांबासारखा उभा.

सौदा ठरला. साहेबाची मोटार गेली आणि आण्णाप्पा घरात शिरले ते ओरडतच. "अगं ए, ऐकलंस का? मला इंग्रजी येती की गं! साहेब बोलला ते समदं कळलं. आता इंग्रजीवाला जावई कशाला पायजे?"

मागून आलेला भुजबली उंबऱ्यातच थबकला. हातानं एवढं चांगलं बोललो, म्हणूनच घात झाला म्हणायचा! दाराआड कांताचा चेहरा पार उतरला.

"इंग्रजी नको असंल तर ऱ्हाऊ दे," पद्मावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पर जावई पायजे का न्हाय? आवो, पोरगी इंग्रजीला द्याची हाय का माणसाला?"

आण्णाप्पा भुजबलीकडं वळले. "मघाशी शब्द आठवला न्हाय, तवा काय तरी ठोकून द्याचं हुतंस. आमाला कुठं कळणार हुतं?"

"कळलं नसतं, आप्पा. पर माल तुमचा हुता. खोटं कसं बोलू?"

आण्णाप्पांनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला. निपाणीच्या बाजारात भाव असाच ठरायचा, रुमालाखाली बोटं दाबून, तोंडातून शब्द न काढता. "जीभ वळवंल तशी वळती," ते म्हणाले. "बोटांवर माझा इस्वास हाय. घाल हात."

भुजबलीनं हात घातला. आण्णाप्पांनी एक बोट दाबलं नाही की दोन नाहीत. आख्खा हातच मुठीत धरला.

"ह्याचा अर्थ काय, आप्पा?" त्यानं गोंधळून विचारलं.

"ह्याला हीबी भाषा येत न्हाय गं!" आण्णाप्पा बायकोला म्हणाले. ते हसले. रुमालाखालची मूठ मात्र त्यांनी आणखीच घट्ट धरली. पोरगी आता या घरातून जाणार, हे त्यांना तेवढ्यातच कळलं असावं.

बराच वेळ झाला तरी रुमाल हलेना. शेवटी दाराआडून कांताच म्हणाली, "आप्पा, सोडा की त्यांचा हात."

"सोडतो गं," आण्णाप्पा म्हणाले. "जरा दम धर."