आपल्याच समाधीचा पाहुणा

कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण आमच्या थेरामा बेटावर एक माणूस आपल्याच समाधीवर पाहुणा म्हणून जेवला. मांडी ठोकून, कालवण पुन्हा मागून घेऊन.

त्याचं नाव ओनास. खारवलेल्या माशांच्या गलबतातून तो सकाळी धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती आणि पाठीला बाक आला होता. दारात उभं राहून ताईला काय म्हणायचं, याची त्याने वाटभर घोकंपट्टी केली होती. पण दाराला काटेरी झुडूप आडवं लावलेलं. गोठा रिकामा. अंगणातल्या अंजिराखाली कोणाची तरी कोंबडी माती उकरत होती, आणि तीसुद्धा त्याच्याकडे परक्यासारखी बघून लांब झाली.

“कोण हवंय, बाबा?” डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या एका बाईने विचारलं. “क्लीनोबाई इथे नाही राहत आता. वर टेकाडावर असते, वीराच्या समाधीपाशी.”

“कोणत्या वीराच्या?”

“अगंबाई! आलात कुठून तुम्ही? ओनास वीर! आज उत्सव आहे त्याचा. जा वर, पोटभर मिळेल.”

ओनासला आधी हसू आलं. मग टेकाड चढताना ते कुठे तरी सांडलं.

समाधी मोठी झोकात होती. गोल रचलेले दगड, मध्ये उंच शिळा, आणि शिळेवर वल्हं खांद्यावर घेतलेला एक धिप्पाड गडी कोरलेला. त्याचे दंड बघून ओनासने आपले हात अंगरख्यात ओढून घेतले. शिळेच्या पायथ्याशी एक भोक होतं, मेलेल्याला दूध, मध, रक्त पाजायचं. भोकाशेजारी एक म्हातारी वाकून झाडत होती. कपाळावर पांढऱ्या लोकरीची पट्टी, समाधीची सेवा करणाऱ्या बाईची. आई गेल्यावर ओनासला ज्या बाईने वाढवलं, ती ही. त्याची ताई, क्लीनो.

तिने मान वर केली. त्याच्याकडे बघत राहिली. इतकी, की त्याने घोकलेलं सगळं घशाशी आलं.

“बस, पाहुण्या,” ती म्हणाली. “उपाशी दिसतोस.”

सातूची भाकरी, मसुराचं कालवण, खारातले ऑलिव्ह, दोन अंजिरं. आमच्याकडे पाहुण्याचं नाव आधी विचारत नाहीत. तो जेवला की मग विचारायचं, आणि विचारायचंच. नाही विचारलं तर त्याला जेवण पचत नाही म्हणतात. ओनासने घास घोळवून घोळवून खाल्ला. आता विचारेल, मग सांगू. किंवा नको सांगायला. पण विचारेल तर.

क्लीनोने भांडं उचललं, राखेने घासलं, पालथं घातलं. मग घागर काखेला मारून झऱ्याकडे निघून गेली. काही विचारलं नाही.

त्या भाकरीचा घास ओनासच्या छातीत तसाच बसून राहिला.

घटकाभराने गावातून गोंगिल आला. हा कुंभार. आमच्या भाषेत गोंगिल म्हणजेच गोल, तसाच तो अंगानेही गोल, आणि उत्सवाला सगळ्यांच्या आधी येऊन बसणारा. क्लीनो झऱ्यावरून घागरी आणून एका मोठ्या हंड्यात ओतत होती, आणि हंड्याखाली जाळ केला होता.

“क्लीनोबाई, मेंढा भाजायचाय गं, उकडायचा नाही!” गोंगिल ओरडला. “एवढं पाणी कशाला?”

“लागेल.”

“कोणाला लागेल? अख्खं गाव धुऊन काढणारेस की काय?”

“तुझ्यापासून सुरुवात करीन,” ती म्हणाली, आणि पुन्हा घागर घेऊन निघाली.

गोंगिल खूश होऊन ओनासशेजारी टेकला. “ऐकलंत ना पाहुणे? वीराची बहीण आहे. जीभ तिखटच असणार. तुम्हाला आमच्या वीराची गोष्ट ठाऊक आहे?”

“थोडी.”

“थोडी काय! दर्यात दैत्यमासा आला होता. आमचं जहाज त्याला मारायला गेलं. त्याने आ वासला आणि जहाजच गिळायला निघाला. तर हा ओनास, एकटा, त्याच्या जबड्यात उभा राहिला आणि वल्ह्याचा टेकू दिला! बाकीच्यांना म्हणाला, ‘पोहून जा, मी धरतो.’ पुढे वादळाने तेही बुडाले, ती गोष्ट वेगळी. जहाज हाकणारा तांडेल तेवढा परत आला. त्यानेच धक्क्यावर सगळं सांगितलं, क्लीनोबाईच्या देखत.”

ओनासने मान खाली घातली. खरी गोष्ट अशी, की त्याने त्या माशाचं शेपूटही पाहिलं नव्हतं. वादळ उठलं, डोलकाठी कडाडली, आणि ओनास धान्याच्या रिकाम्या रांजणात शिरून वरून झाकण ओढून बसला. जहाज फुटलं, रांजण तरंगला. तांडेल जहाजाची फळी धरून पोहत जाताना शिव्या घालत होता, तेवढं ओनासने आतून ऐकलं. नंतर त्या तांडेलाने धक्क्यावर वाट बघणाऱ्या क्लीनोचं तोंड पाहिलं असेल, आणि खरं सांगायला त्याची जीभ उचलली नसेल.

रांजण एका खडकाला लागला. त्या खडकावर ओनास म्हातारा झाला. तिथे समुद्रपक्षी होते, पावसाचं पाणी साठायला खळगे होते, शिंपले होते. एक सील रोज उन्हाला येऊन पडे. ओनासने त्याला बोलायला शिकवायचा पुष्कळ खटाटोप केला. सील लक्ष देऊन ऐके. जरा जमेल असं वाटे, तेवढ्यात तो जांभई देऊन पाण्यात उतरे. मग एके दिवशी ओनासने रांजणात डोकं घालून आपलंच नाव पुकारलं. रांजणाने ते परत दिलं. तेव्हापासून रोज सूर्य बुडताना तो तेवढं करी. दिवसातून एकदा कोणी तरी आपल्याला नावाने हाक मारतंय, एवढंच. नंतर थंडीत रांजणाला तडा गेला. हाक जायची, यायची नाही. पुढे कित्येक वर्षांनी माशांचं ते गलबत वाट चुकून खडकाशी आलं, तोवर त्याने नाव पुकारणंही सोडून दिलं होतं.

“एक विचारू?” तो गोंगिलला म्हणाला. “समाधी बांधलेला माणूस जिवंत परत आला, तर तुमच्याकडे काय करतात?”

“हा हा! पलीकडच्या गावात एक मेंढपाळ आला होता की तसा! त्याला दारातून आत घेत नाहीत, विस्तवापाशी बसू देत नाहीत, नावाने हाक मारत नाहीत. मेलेलाच ना तो! कोणी तरी बाई पुढे यायला हवी, चारचौघांत म्हणायला हवं, हा आमचा. मग तिने त्याला तान्ह्या बाळासारखं ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं. झाला जन्म! एवढा दाढीवाला बाप्या मावशीच्या मांडीवर, पाय अंगणात! गाव लोळलं हसून.”

“आणि समाधी?”

“ती पाडावी लागते. जित्या माणसाची समाधी जमिनीला सोसत नाही.” गोंगिलने ऑलिव्हची बी थुंकली. “आमच्या ओनासचं मात्र तसं होऊन चालायचं नाही हो. आमची पोरं दर्यावर जाताना या शिळेला हात लावून जातात. आणि क्लीनोबाई खाईल काय? पिठाचा वाटा, मेंढ्याचं कातडं, मध, सगळं तिला समाधीचं मिळतं. तिच्या घरी शेळीदेखील उरली नाही. तुम्ही का विचारता?”

“सहज. मी... मी होतो त्या जहाजावर.” बोलायचं नव्हतं ते तोंडातून निसटलं.

गोंगिल उठून टेकाडावरून धावत सुटला. एवढा गोल माणूस एवढ्या वेगाने धावलेला आमच्या बेटाने आधी कधी पाहिला नव्हता.

दुपार कलली तसं सगळं गाव वर लोटलं. ओनासने मनाशी ठरवून टाकलं होतं: संध्याकाळच्या गलबताने निघायचं. ताई जिवंत आहे, पोटभर खातेय, चार माणसं तिला मान देतायत. एका भित्र्या म्हाताऱ्याच्या बदल्यात हे सगळं मोडायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो न पळता काही ठरवत होता, आणि ते नेमकं निघून जाण्याचं.

काळा मेंढा कापला. रक्त भोकातून आत गेलं. गावप्रमुख दामासने हात वर केले आणि पुकारलं, “ओनास!”

“ओनास!” गाव गरजलं. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं.

“ओनास!”

“ओनास!”

इतक्या वर्षांत फुटक्या रांजणानेही दिली नाही ती हाक, शेकडो गळ्यांतून, त्याच्या पाठीमागून, दोन्ही बाजूंनी. ओ द्यायला त्याची जीभ टाळूला लागली. त्याने दात गच्च आवळले. हाक जमिनीत शिरली, आणि खालून कोणी ओ दिली नाही. क्लीनो तेवढी पुकारत नव्हती. ती हंड्याखाली लाकूड सारत होती.

मांस वाटलं, मद्याचे वाडगे फिरले. दामास म्हणाला, “पाहुणे, गोंगिल सांगतो तुम्ही होतात तिथे. तांडेल गेल्यापासून डोळ्यांनी पाहिलेला माणूस आम्हाला भेटला नाही. सांगा की!”

ओनासने हंड्याकडे पाहिलं. वाफेआड ताईची पाठ दिसत होती. आपल्यापेक्षा शिळेवरचा भाऊच तिला पुरलाय, तर निदान तो तरी तिला घसघशीत देऊन जावं.

“तुमचा विश्वास बसणार नाही,” त्याने सुरुवात केली.

वाफेआडची पाठ हलायची थांबली.

“तो मासा नव्हताच, बेट होतं! पाठीवर गवत, आणि गवतात बकऱ्या चरत होत्या.”

“मग दूध कोण काढायचं?” गोंगिल.

“मेंढक्या होता ना एक! त्याने आम्हाला हात हलवून विचारलं, ‘इकडे कुठे?’”

गाव हसलं. ओनासला चव आली. इतक्या माणसांनी आपल्याकडे एकदम बघितल्याला किती वर्षं झाली होती!

“मासा शिंकला, तर आमचं शीड उलटं झालं. मासा जांभई देऊ लागला, तर सूर्य आत जाऊन बाहेर आला, थोडा ओला होऊन. बाकीचे आम्ही रडत होतो, देवांची नावं आठवत नव्हती. आणि तुमचा ओनास! त्याने वल्हं उचललं. दाढांवरून असा चालत गेला, जसा कोणी आपल्या अंगणात चालतो. वल्हं रोवलं. ‘जा,’ म्हणाला, ‘मी धरतो.’”

“असंच म्हणाला ना?” दामास पुढे सरकला.

“असंच. मी मागे वळून पाहिलं. जबडा हळूहळू मिटत होता. वल्हं वाकत होतं. पण त्याचा हात कापला नाही. त्याने कोणाला हाक मारली नाही. चेहऱ्यावर भीतीचं नावसुद्धा...”

“खोटं!”

सगळ्या माना वळल्या. क्लीनो हंड्यापासून चालत येत होती. हातात पाणी ढवळायचा लाकडी पळा, चेहरा वाफेने भिजलेला.

“अहो क्लीनोबाई,” दामास पुटपुटला, “तुमच्याच भावाची थोरवी सांगतायत ते.”

“म्हणून तर ऐकवत नाही. माझा भाऊ बोकडाला घाबरायचा. आभाळ गडगडलं की माझ्या कुशीत शिरून कान झाकून घ्यायचा. तो हाक मारल्याशिवाय मरेल? अख्खा दर्या उठवला असता त्याने ‘ताई, ताई’ करून.” ती ओनाससमोर येऊन थांबली. “आणि शेळी सुटली, घागर फुटली, दूध सांडलं, की दारातूनच ओरडत यायचा, ‘ताई, तुझा विश्वास बसणार नाही.’ प्रत्येक थापेची सुरुवात तीच. सकाळी चढण चढून आलास, तेव्हा पावलांच्या चालीवरूनच ओळखलं मी. म्हटलं बघू, बोलतो का. तर हा भाकरी खाऊन गप!”

गोंगिलच्या हातातलं हाड खाली पडलं. दामासने शिळेकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या दंडांकडे.

“ताई,” ओनास अगदी हळू म्हणाला, “समाधी पाडतील ते. खाशील काय तू?”

क्लीनोने कपाळावरची लोकरीची पट्टी सोडली. घडी केली. शिळेच्या पायथ्याशी ठेवली.

“थापा पुरे आता, ओनास,” ती म्हणाली. “ऊठ. पाणी निवतंय.”