राहूचं शेवटचं प्रकरण

टेपरेकॉर्डर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आजोबांना विचारावं लागेल. मित्रांनो, मी तसाच एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक जण गाणी वाजवून म्हातारे झाले. मी मात्र जबलपूरच्या घमापुरात, नागसेनजींच्या घरी, विज्ञानकथा ऐकत म्हातारा झालो.

नागसेनजी सरकारी नोकरीत होते, पण जीव सगळा पुराणातल्या गोष्टींत. त्या गोष्टी ते थेट अंतराळात नेत. आधी मला सांगत, मग माझं ऐकून कागदावर उतरवत. उतरवून झालं की त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून, पुढचं प्रकरण, कारण नव्या कॅसेटी बाजारातून केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबल्यावर ते कितीतरी वेळ गप्प बसायचे. तेव्हा फक्त पंख्याचा आवाज यायचा. मला ती शांतता फार आवडायची.

त्यांच्या पत्नीला, कलावतीबाईंना, हे लिखाण पटत नसे. "आपण बौद्ध माणसं. काहून देव-राक्षसाच्या गोष्टी सांगून राहिले?"

"देवाची नाही, राहूची सांगून राहिलो. अमृताच्या पंगतीत बसला म्हणून मुंडकं उडवलं त्याचं. ते मुंडकं आता यानात बसून आपलं धड शोधून राहिलं. भेटते का नाही, ते शेवटी ऐकजो."

कलावतीबाईंनी कधी ऐकलं नाही.

आधीची पुस्तकं निघाली, एक पुरस्कार मिळाला, कुणी माझाही फोटो काढला. मग सगळे विसरले. यंदा उन्हाळ्यात नागसेनजींनी राहूचं शेवटचं प्रकरण धापा टाकत मला सांगितलं. ते उतरवण्याआधीच ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी कलावतीबाई म्हणाल्या, "लोक बोलतील ते त्यांच्याच टेपात भरा." मुलगी एकता हिला मराठी समजतं, पण बोलताना ती हिंदीत शिरते. तिने कॅसेट लावून पाहिली. "आई, ये तो खाली है. नुसता पंखा आहे." आणि लाल बटण दाबलं. मला ओरडता आलं असतं तर मी गल्ली गोळा केली असती. एकामागून एक माणसं उठली, थोर लेखक, थोर लेखक म्हणत गेली, आणि तिकडे राहूचं प्रकरण पुसत गेलं.

काही आठवड्यांनी जवळच्या पाटनहून नागसेनजींचे मित्र तुळशीराम आले. "एकता बेटा, शेवटचं प्रकरण टेपमधी आहे. फोनवर बोलला होता तो मले."

एकताने मला सुरू केलं. भाषणं, टाळ्या, पुन्हा भाषणं. कॅसेट उलटवली, तरी भाषणंच. तिने मला बंद केलं. "वो खाली नहीं था, आई. पापा सोच रहे थे."

कलावतीबाई खाली बसल्या. "भाऊजी, तुम्हाले तरी सांगितलं असन. राहूले धड भेटलं का?"

"नाही सांगितलं. म्हणे, आधी कलावतीले ऐकवतो, मग तुले."

मित्रांनो, मला विचारू नका. घरातलं सगळं मला आठवतं, पण गोष्ट फितीवर असते तेवढीच येते. घरातलं माणूस गप्प बसलं असेल, तर ते रिकामं आहे असं समजू नका, जरा थांबा. त्याचं जे ऐकायचं ते त्याच्या हयातीत ऐका.

कलावतीबाई आता रोज दुपारी मला लावतात आणि कान जवळ आणून बसतात. मी भाषणं वाजवतो. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.