सख्ख्या भावाला फाउल

पूल हॉल बंद होणार हे कळलं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना एकदम उमाळे यायला लागले. खरं तर त्या जागेला हॉल म्हणायचं हीच मेहेरबानी. टायरच्या दुकानावरचा मजला, तीन टेबलं, प्रत्येकावर पत्र्याच्या टोपीतला दिवा. खिडकीकडच्या टेबलाला तर असा उतार, की नवखा माणूस मारायचा एकीकडे आणि बॉल जायचा भलतीकडे. भिंतीवर हिरवा बोर्ड, त्यावर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव रंगवलेलं. कित्येक वर्षांत तिथं कुणी फिरकलं नव्हतं, पण बंद होणार म्हटल्यावर जो तो तिथंच लहानाचा मोठा झाल्यासारखा बोलू लागला.

आणि आठवणी निघाल्या की एक गोष्ट हमखास निघायची. पंचांनी सख्ख्या भावाला फाउल दिला, ती.

पंच म्हणजे कोपऱ्यावरचे घड्याळवाले. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि नजर अशी की मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू जमिनीवर पडला तरी उभ्या उभ्या दिसायचा. त्या नजरेपायीच हॉलच्या मालकांनी त्यांना स्पर्धेचा पंच केलं, आणि मग सगळी वस्ती त्यांना पंच म्हणायला लागली. बायकोसुद्धा चारचौघांत पंचच म्हणायची. त्यांचा धाकटा भाऊ वायरमन. दिवसभर शिडीवर, संध्याकाळी टेबलापाशी. काठी त्याच्या हातात आली की बाकावरची बडबड आपोआप थांबायची.

ज्यांनी कधी पूल खेळला नाही त्यांना एवढंच सांगायला हवं. एकाचे बॉल साधे, दुसऱ्याचे पट्ट्यांचे, आणि आपले सगळे संपले की शेवटी काळा, तो घातला की जिंकला. पांढरा बॉल मारायचा तो आधी आपल्याच बॉलला लागला पाहिजे. दुसऱ्याच्या बॉलला आधी लागला तर फाउल. पंच हात वर करतो आणि पांढरा बॉल समोरच्याच्या हातात जातो, त्यानं तो हवा तिथं ठेवावा आणि मारावं. आणि दोन बॉल चिकटून असतील, कुठला आधी लागला ते कळत नसेल, तर खेळणाऱ्याच्या बाजूनं निकाल द्यायचा. मालकांनी हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता, म्हणजे भांडणंच नकोत.

त्या वर्षी अंतिम सामन्यात धाकटा आणि गल्लीतलाच एक सुतार. जिंकेल त्याला मालक मोठ्या शहरातल्या स्पर्धेला पाठवणार होते. धाकट्यानं त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला होता. सामना सुरू व्हायच्या आधी बाकावरचा एक जण सहज म्हणाला, "पंच घरचा, खेळाडू घरचा. कप घरातल्या घरात फिरवा आता." सगळे हसले, पंचही हसले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात जे रुतून बसलं ते निघेना. धाकट्याचा एकेक बॉल पडत होता आणि पंचांना वाटत होतं, सगळे बॉलकडे नाही, आपल्याकडे बघताहेत.

शेवटी धाकट्याचा एक बॉल राहिला, मग काळा, मग सामना. तो बॉल नेमका सुताराच्या बॉलला जवळजवळ चिकटून. धाकटा वाकला, मोजून मापून मारलं आणि बॉल पडला. पंचांनी पाहिलं, स्वच्छ पाहिलं. पांढरा आधी भावाच्याच बॉलला लागला होता. शंकेला जागा नव्हती, भिंतीवरच्या नियमाचीही गरज नव्हती.

आणि त्यांचा हात वर गेला.

का गेला ते त्यांनी पुढं हजार वेळा स्वतःला विचारलं. उत्तर काही अवघड नव्हतं, फक्त लाजिरवाणं होतं. लोक काय म्हणतील, एवढंच. धाकट्यानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग मुकाट्यानं पांढरा बॉल सुताराच्या हातात दिला. सुतारानं टेबल साफ केलं. बाकावरची माणसं उठून पंचांच्या पाठीवर थापा मारू लागली. माणूस असावा तर असा, म्हणाली.

त्यानंतर धाकट्यानं काठीला हात लावला नाही. भांडला असता, बोलणं टाकलं असतं, तर पंचांना बरं वाटलं असतं. पण तो पूर्वीसारखाच घरी यायचा, दादा दादा करायचा, वहिनीचा मिक्सर दुरुस्त करून द्यायचा, जेवून जायचा. पुलाचं नाव मात्र नाही. इकडे पंचांची पत वाढत गेली. वाटण्या असोत, नवरा-बायकोची भांडणं असोत, लोक म्हणायचे पंचांना विचारा, त्यांनी सख्ख्या भावाला सोडलं नाही. गावाला जाताना शेजारी किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जायचे. आणि दर वेळी कुणी ती गोष्ट कौतुकानं काढली की पंचांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गोष्ट खोटी आहे असं सांगायचं तरी कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? ते मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा, ते आणखी वाईट.

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांच्या लेकीनं जागा विकली, तिथं व्यायामशाळा व्हायची होती. पण मुलगी हौशी. म्हणाली, टेबलं जायच्या आधी एक शेवटची स्पर्धा घेऊ, जुन्या सगळ्यांना बोलावू, आणि पंच तुम्हीच हवेत. पंचांनी आढेवेढे घेतले. मग एकाएकी हो म्हणाले आणि तडक भावाच्या घरी गेले.

"तू खेळ," ते म्हणाले.

धाकटा एका स्विचबोर्डातल्या वायरी जोडत होता. "आता कसला खेळतोय दादा. हात थरथरतो."

"माझ्यासाठी खेळ."

धाकट्यानं पक्कड खाली ठेवली. भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

घरी आल्यावर पंचांनी बायकोला सांगितलं की या वेळी बोर्डावर धाकट्याचं नाव लागलं पाहिजे. बायको भाजी निवडत होती. "बोर्ड भंगारात जाणार आठवड्याभरात," ती म्हणाली, "आणि तुम्ही नाव लावायला निघालात." तिचंही बरोबर होतं. पण पंचांना ते नाव तिथं एक दिवस जरी दिसलं असतं तरी पुरे होतं. मग मरायला मोकळा, असं ते मनातल्या मनात म्हणाले.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. धाकट्याचे पहिले फटके बघवत नव्हते. पण सामन्यागणिक हात बसत गेला, आणि उताराच्या टेबलावर तर त्यानं असा एक बॉल घातला की मालकांच्या लेकीनं टाळ्याच वाजवल्या. पंचांनी त्याच्या तोंडावर हसू पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं, आणि इतकी वर्षं ते कुणामुळं नव्हतं, हे आठवून त्यांनी नजर टेबलाकडे वळवली. शेवटच्या सामन्यात समोर सुतारच. गुडघे गेलेले, पण डोळा शाबूत.

योग म्हणा नाहीतर भोग म्हणा, पुन्हा तेच. धाकट्याचा एक बॉल उरला आणि तो सुताराच्या बॉलला लगटून बसला. बाकावर कुजबूज झाली, कारण ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धाकटा वाकला, काठी थरथरली, फटका बसला. बॉल पडला.

पांढरा आधी सुताराच्या बॉलला लागला होता. अगदी थोडा, पण आधी. पंचांनी पाहिलं.

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "चांगला," ते म्हणाले.

सुताराच्या कपाळाला आठी पडली, त्यानं टेबलाकडे पाहिलं, मग पंचांकडे. आणि तोही म्हणाला, "पंचांनी पाहिलंय म्हणजे पाहिलंय." तेवढं ऐकलं आणि पंचांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका खोट्यावर कमावलेला विश्वास दुसऱ्या खोट्याच्या कामी आला होता.

धाकटा सरळ उभा राहिला. त्यानं टेबलावरचा पांढरा बॉल उचलला, शर्टाला पुसला आणि सुताराच्या हातात दिला.

"फाउल होता," तो म्हणाला. मग बाकाकडे वळून हसत म्हणाला, "दादाचे डोळे थकले आता. घड्याळवाल्याचे डोळे, किती दिवस पुरणार."

लोक हसले. हळहळलेही. एकानं पंचांना बसायला खुर्ची दिली. सुतारानं उरलेले बॉल आणि काळा घातला आणि सामना संपला. मालकांची लेक रंग आणि ब्रश घेऊन बोर्डापाशी गेली. काय भाऊ आहेत एकेक, असं कुणीतरी म्हणालं, आणि उद्यापासून ही नवी गोष्ट सगळीकडे सांगितली जाणार हे पंचांना बसल्या जागी कळून चुकलं.

जिन्यानं दोघं खाली उतरले, धाकट्याच्या हातात काठी तशीच होती. टायरच्या दुकानाला रविवारमुळं कुलूप होतं. पंच पायरीवरच थांबले.

"तेव्हा फाउल नव्हता," ते म्हणाले. एवढी वर्षं जे गिळलं ते असं तीन शब्दांत निघालं.

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तेव्हा तुझे डोळे चांगले होते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा हात वर गेला होता दादा. सगळ्या लोकांसमोर तो मी खाली आणायचा होता का?" त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रागावलो होतो, फार रागावलो होतो. घरी जाऊन तो शर्ट फाडला. पण मग सगळे तुला मानायला लागले. म्हटलं असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडलं."

पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भावाचा दंड धरला. "आज तरी तुला द्यावं म्हटलं रे."

धाकट्यानं हात सोडवला नाही. पण आवाज बदलला. इतक्या वर्षांत त्या आवाजात तो भावाशी कधी बोलला नव्हता.

"आज मी बरा खेळत होतो," तो म्हणाला. "मला खेळायला बोलावलं होतंस ना? मग खेळू द्यायचं होतंस."

एवढं बोलून तो चालायला लागला. कोपऱ्यावर जाऊन थांबला आणि मागं वळून म्हणाला, वहिनी जेवायची थांबली असेल. पंच पायरीवरून उतरले आणि त्याच्या मागं मागं जाऊ लागले. बरोबरीनं चालायचं त्यांच्यानं झालं नाही.